चामडं मळतं कुठे, खरवडतं कुठे

तुमचा प्रश्न वाचला, फोटोही मोठे करून पाहिले. ७५ मिलिमीटरचा रेझिनचा मराठा घोडेस्वार आहे आणि तो यंदा घरच्या गणपतीच्या देखाव्यात उभा करायचाय. खोगीर, लगाम, जोडे, म्यान, सगळ्याला तुम्ही व्हॅलेहोचा लेदर ब्राउन दिलात, त्यावर सिटाडेलच्या ॲग्रॅक्स अर्थशेडचा वॉश, म्हणजे खोबणीत उतरणारा पातळ गडद हात, आणि तो वाळल्यावर बेज रंगाचा ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिरवलेला फिका रंग. एवढं करूनही ते जुनं चामडं वाटत नाही, ‘धूळ बसलेलं चॉकलेट’ वाटतं, असं तुम्ही म्हणता. आणि विचारता, आता कोणता तपकिरी विकत घेऊ?

कुठलाच घेऊ नका. तपकिरीच्या बाटल्या माझ्याकडे चौदा आहेत आणि त्यातल्या नऊ मी याच भ्रमात घेतल्या होत्या. तुमचे शब्द मात्र अगदी नेमके आहेत, निदान त्यातच आहे. चॉकलेट वाटतं, कारण सगळीकडे एकच रंग आणि एकच चकाकी आहे. धूळ वाटते, कारण ड्रायब्रशने प्रत्येक उंचवटा सरसकट फिका केलाय. तुमची अडचण रंगाची कमी आणि चकाकीची जास्त आहे. त्याहूनही जास्त आहे ती या प्रश्नाची, की हे चामडं नक्की कशाने झिजलं?

मी इंदूरला दातांच्या लॅबमध्ये काम करते. दिवसा सिरॅमिकच्या कॅपांना रंग देते, रात्री सैनिकांना. याला आता एकोणीस वर्षं झाली. लॅबमध्ये पहिल्याच वर्षी एक धडा मिळाला. शेजारच्या दाताशी रंग तंतोतंत जुळवला आणि चकाकी जुळली नाही, तर कॅप खोटीच दिसते. पेशंटला काय खुपतंय ते सांगता येत नाही, तो म्हणतो, ‘रंग चुकलाय.’ मग आपण रंग बदलत बसतो. तुम्हीही आत्ता तेच करायला निघाला आहात.

आधी ब्रश बाजूला ठेवा आणि हातातलं घड्याळ काढा. चामड्याचा पट्टा नसेल तर घरात कुणाचं तरी जुनं पाकीट असेलच. माझ्यासमोर आत्ता बाबांच्या एचएमटीचा पट्टा आहे. तो मुळात भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालाच्या रंगाचा. तो रंग आता एकाच जागी उरलाय, पट्ट्याचं टोक ज्या लूपमध्ये खोचतात त्या लूपच्या खाली. तिथे ना ऊन लागलं ना हात. बाकी सगळा पट्टा त्याहून गडद झालाय. बकल कायम तिसऱ्या भोकात बसायचं, त्यामुळे ते भोक लांबट झालंय आणि त्याच्यापाशी आडवी घडी पडलीय. घडीच्या माथ्यावर वरचा थर तडकून आतलं फिकं, तंतुमय चामडं उघडं पडलंय, पण घडीच्या खोबणीत मळ साचून ते जवळजवळ काळं आहे. म्हणजे पट्ट्यावरचा सगळ्यात फिका आणि सगळ्यात गडद रंग एकमेकांना खेटून आहेत. मनगटाच्या हाडावर घासणारी कड कोळशासारखी काळी आणि तकतकीत. बकलजवळची, टेबलावर घासली जाणारी कड फिकी, खरखरीत, निस्तेज. पट्टा तोच, अंतर दोन बोटांचं.

तर चामडं दोन उलट्या रीतींनी जुनं होतं. जिथे हात, घाम, तेल, कापड लागतं तिथे ते मळतं, म्हणजे गडद होतं, गुळगुळीत होतं, चमकतं. जिथे दगड, लोखंड, जमीन लागते तिथे ते खरवडतं, म्हणजे फिकं होतं, खरखरीत होतं, त्याची चमक मरते. कोल्हापुरी चपलेत हे एका नजरेत दिसतं. वर्षभर वापरल्यावर टाचेचा आणि बोटांचा ठसा गडद, घोटल्यासारखा होतो आणि टोकाची कड मात्र पांढुरकी, पिंजारलेली. ड्रायब्रश यातलं फक्त दुसरं दाखवू शकतो, आणि तेही जिथे उंचवटा असेल तिथे. तो उंचवटा कशाला घासला होता की नव्हता, याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं. म्हणून नुसत्या ड्रायब्रशने चामडं जुनं होत नाही, माळ्यावर पडून राहिल्यासारखं दिसतं.

रंग लावण्याआधी मी पेन्सिलीने कागदावर आकृतीचं ओबडधोबड चित्र काढते आणि प्रत्येक चामडी भागावर ‘म’ किंवा ‘ख’ लिहिते, मळलेलं की खरवडलेलं. पाच मिनिटांचं काम आहे. ते टाळलं की मला नंतर पाच तास घालवावे लागतात, हे मी दरवेळी विसरते आणि दरवेळी मला आठवण होते.

तुमच्या स्वाराचंच बघू. मात्र त्याआधी एक बारीकशी शंका. ते खोगीर चामड्याचं आहे हे कुणी सांगितलं? आपल्याकडचं जुनं खोगीर म्हणजे बहुधा जाड कापडाची, नमद्याची, आत काहीबाही ठासून भरलेली गादी. ‘खोगीरभरती’ हा शब्द त्यातूनच आला. फोटोत तुमच्या खोगिराला शिवणीचे चौकोन आणि फुगवटे दिसताहेत. मला ते कापडच वाटतं. कापड समजून मॅट रंगवलंत, एखादा मळका तांबडा किंवा निळीचा रंग दिलात, तर निम्मं दुखणं तिथेच बरं होईल, कारण चामड्याला शेजारी काहीतरी वेगळं लागतं. सगळंच चामडं असेल तर काहीच चामडं वाटत नाही. अर्थात तुमच्या आकृतीसोबत आलेल्या चित्रात काय दाखवलंय, काळ कोणता धरलाय, यावर हे अवलंबून आहे. विलायती पद्धतीचं जीन असेल तर ते चामड्याचंच रंगवा.

राहिलं काय? लगाम, तंग, रिकिबीचे पट्टे, दुमची (शेपटीखालून जाणारा पट्टा), म्यानाचं वेष्टन, जोडे आणि पाठीवरची ढाल. स्वाराच्या उजव्या हातात भाला आहे म्हणजे लगाम डाव्या हातात. मुठीजवळचा लगाम घामाने काळाभोर आणि तकतकीत असणार, पण तोच लगाम घोड्याच्या तोंडाकडे जाताना लाळेने भिजून वाळून कडक झालेला, चमक नसलेला. तंग घोड्याच्या पोटाखाली घामात भिजतो, म्हणून तो सगळ्यात गडद आणि त्याच्या कडेला वाळलेल्या मिठाची अगदी पुसट फिकी रेघ. रिकिबीच्या पट्ट्यावर स्वाराची पोटरी दिवसभर घासते, त्यामुळे त्याचा मधला भाग मळलेला. त्याच पट्ट्याला खालच्या टोकाशी रिकिबीचं लोखंड घासतं, तिथे खरवडलेला.

जोड्यांवर तुम्ही सगळं खरवडणं चवड्याच्या टोकाला केलंय. पायदळाच्या माणसाला ते शोभलं असतं, कारण तो ठेचा खात चालतो. स्वाराचा जोडा झिजतो तो रिकिबीत अडकतो तिथे, तळव्याला आडवा पट्टा आणि दोन्ही बाजूंना बोटभर, आणि घोड्याच्या अंगाला लागणारी आतली बाजू तेलकट, गडद. बघणाऱ्याला हे कळणार नाही, असं तुम्ही म्हणाल. नाही कळणार. पण हा माणूस खरोखर घोड्यावर बसतो असं त्याला वाटून जाईल.

आता आकाराचा मुद्दा. ७५ मिलिमीटर म्हणजे साधारण १:२४ हे प्रमाण. इंचभर रुंदीचा खरा लगाम तुमच्या आकृतीवर एक मिलिमीटरचा होतो. खऱ्या चामड्यावरची एक मिलिमीटरची भेग इथे ०.०४ मिलिमीटर, म्हणजे डोक्याच्या केसाहून बारीक. ती तुम्ही हुबेहूब रंगवू शकत नाही, मीही नाही. आपण भेग रंगवत नाही, लांबून भेगा असलेलं चामडं जसं दिसतं तो भास रंगवतो. त्यामुळे ओरखडे थोडे आणि मुद्दाम मोठे काढावे लागतात. वीस रेघांपेक्षा योग्य जागी तीन रेघा भारी पडतात.

याची एक गंमत सांगते. आमच्या इंदूरला चामड्याची खेळणी बनतात. आत तार, लाकूड, गवत वगैरेचा सांगाडा आणि वरून चामडं ताणून बसवलेले घोडे, सिंह, गेंडे. त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालंय. मला वाटलं, चामड्याचा आभास निर्माण करण्यापेक्षा सरळ चामडंच लावू. अशा एका घोड्यातून उरलेलं बकऱ्याचं पातळ चामडं मिळवलं आणि एका स्वाराला त्याचा लगाम केला. दिसायला तो लगाम रबरी पाइपसारखा दिसला! खऱ्या चामड्याची छिद्रं, जाडी, वाकण्याची रीत यांतलं काहीच १:२४ ने लहान होत नाही ना. खरं चामडं खोटं दिसलं आणि त्याच्या शेजारची रंगवलेली दुमची खरी. तो लगाम अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, नवं काही शिकवताना दाखवायला काढते.

खरवडल्यावर आतून कोणता रंग निघणार, हेही आधी ठरवायला हवं आणि ते चामडं कसं कमावलंय यावर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रोमने चामडं कमावणं सुरू झालं. त्याआधी बहुतेक ठिकाणी झाडपाल्याचीच रीत, आपल्याकडे बाभळीची साल, तरवडाची साल, हिरडा. अशा चामड्याचा आतला गाभा फिका बदामी असतो, आणि ऊन, तेल, हात लागून वरून तांबूस, मग गडद होत जातो. तुमच्या मराठा स्वाराचा लगाम खरवडला तर आतून बदामी निघेल. पांढरा किंवा राखाडी नाही. तुमच्या ड्रायब्रशचा बेज राखाडीकडे झुकतोय, म्हणून धुळीचा भास आणखी वाढलाय. काळं चामडंही तेव्हा वरून रंगवलेलंच असायचं, त्यामुळे काळ्या जोड्याचं नाक खरवडलं की राखाडी नाही, तपकिरी दिसतं.

स्वारीवरचा शिपाई आणि दरबारी मानकरी यांच्यातही फरक करायचाच. इथून जवळच महू आहे, लष्कराचं जुनं ठाणं. तिथल्या माणसांच्या कमरेच्या पट्ट्यात तोंड पाहता येईल इतकी पॉलिश असते. तसं चामडं रंगवायचं तर झीज जवळपास शून्य आणि हायलाइट, म्हणजे उजेडाचा फिका ठिपका, धारदार हवा. तुमचा स्वार मोहिमेवरचा दिसतो, त्यामुळे त्याला हे लागू नाही.

आता प्रत्यक्ष काम. तुमचा सध्याचा थर खरडून काढायची गरज नाही. ड्रायब्रशचा खरखरीतपणा बोटाला जाणवत असेल तर खूप वापरून मऊ झालेल्या १००० नंबरच्या पॉलिश पेपरने हलका हात फिरवा, एवढंच.

सगळ्या पट्ट्यांना एकच तपकिरी नको. लेदर ब्राउन आहेच, त्याचेच तीन चुलत भाऊ करा. एकात थोडा काळा आणि थेंबभर गडद निळा घालून लगाम-तंगासाठी, एकात बर्न्ट सिएना घालून तांबूस म्यानासाठी, एक यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, घालून जोड्यांसाठी. नुसता काळा घातलात तर तपकिरी मेल्यासारखा होतो, निळ्याने तो खोल होतो. बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर कॅमलच्या ॲक्रिलिक ट्यूबमधले चालतात. मी खजुरी बाजारातून आणते. तो रंग मिनिएचरच्या रंगाहून जाड असतो, म्हणून एका थराऐवजी पातळ तीन थर द्या. पातळ म्हणजे किती, याची माझी परीक्षा म्हणजे अंगठ्याचं नख. ब्रश नखावर ओढला की रेघ सलग उमटली पाहिजे, आणि त्यातून नख दिसलं पाहिजे. थेंब होऊन पसरला तर पाणी जास्त, रेघ तुटली तर कमी.

ब्रशबद्दल एकच सांगते. ट्रिपल झिरो, म्हणजे अगदी बारीक ब्रश, घेऊ नका. त्याच्या पोटात रंगच मावत नाही, नाकाजवळ नेईपर्यंत टोकावर वाळतो. चांगल्या टोकाचा एक नंबरचा ब्रश घ्या.

मूळ रंग वाळले की उजेड. चामड्याचा उजेड कापडाहून आक्रसलेला आणि धातूहून पसरट असतो. पट्ट्याच्या वरच्या कडेला बारीक रेघ आणि जिथे पट्टा वाकून आकाशाकडे तोंड करतो तिथे एक लहान लांबट ठिपका. हा उजेड पांढरा घालून करू नका. तपकिरीत पांढरा म्हणजे दूध जास्त झालेला चहा. मूळ रंगात यलो ऑकर, मग अगदी शेवटच्या ठिपक्याला त्यातच थोडा आयव्हरी किंवा कातडीचा रंग.

आता ‘म’ आणि ‘ख’ असलेला तो कागद समोर ठेवा.

आधी ‘ख’. मूळ रंगाहून दोन पायऱ्या फिका बदामी घ्या. ब्रशचं टोक टिशूवर टेकवून जवळजवळ कोरडं करा आणि टोकानेच, पुसत नाही तर टोचत, ठिपके द्या. कडेला दाट, आत जाताना विरळ. ओरखडा काढायचा असेल तर या फिक्या रंगाची बारीक रेघ आणि तिला खालून चिकटून तेवढीच गडद रेघ. उजेड वरून येतो, त्यामुळे चिरेची खालची कड उजळते आणि वरची अंधारात जाते असं तुम्ही कुठे वाचलं असेल, आणि ते बरोबरही आहे. पण चामड्याचा ओरखडा ही बहुधा चीर नसते, तिथली वरची साल उलटलेली असते आणि उलटलेल्या सालीची सावली खाली पडते. म्हणून मी गडद रेघ खाली देते. तुमच्या एखाद्या पट्ट्यावर खरोखर कापलेली चीर दाखवायची असेल तर उलट करा. हे टोचण्याचं काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही. स्पंजाचा तुकडा चिमट्यात धरूनही करतात, जोड्याच्या तळाला तो बरा पडतो, पण एक मिलिमीटरच्या लगामावर स्पंज म्हणजे माशी मारायला तोफ.

मग ‘म’, आणि इथे मी ॲक्रिलिक सोडून ऑइलकडे वळते. बर्न्ट अंबरची ट्यूब, पुठ्ठ्यावर हरभऱ्याएवढा रंग, अर्धा तास तसाच ठेवला की पुठ्ठा त्यातलं तेल शोषून घेतो. बिनवासाच्या थिनरने किंचित सैल करून हाताळलेल्या जागी ठिपका ठेवा आणि दुसऱ्या स्वच्छ, जेमतेम ओलसर ब्रशने त्याच्या कडा विरघळवा. मुठीजवळ पूर्ण गडद, दोन मिलिमीटर पुढे गेल्यावर काहीच नाही. ॲक्रिलिकमध्ये हा उतार साधायला मला पाच-सहा ग्लेझ, म्हणजे पारदर्शक पातळ थर, लागतात आणि आमच्याकडच्या मे महिन्यात तर रंग ब्रशवरच वाळतो. ऑइल थांबून वाट बघतं. बरं, अंबरमध्ये मँगनीज असतं, त्यामुळे बाकीच्या ऑइलच्या मानाने तो लवकर वाळतो. पातळ थर दोन दिवसांत हात लावण्यासारखा होतो, पावसाळ्यात एखादा दिवस जास्त धरा. ऑइल लावण्याआधी खालचं ॲक्रिलिक किमान एक रात्र वाळलेलं हवं, नाहीतर थिनर ते उचलून आणतो.

एवढं झालं की पट्टा जिथे पिळला गेलाय तिकडे बघा. चामड्याच्या वरच्या बाजूला साल असते, आतली बाजू लोकरीसारखी मऊ, फिकी आणि कायम मॅट. लगाम मुठीतून सुटून खाली लोंबतो तिथे तो तुमच्या आकृतीत उलटलाय. ती उलटी बाजू तुम्ही वरच्याच रंगात रंगवलीत. तिथे फिका बदामी मॅट रंग द्या, हायलाइट अजिबात नको. या एवढ्याशा तीन मिलिमीटरच्या तुकड्याने बाकीचा सगळा लगाम चामड्याचा होईल. पैज लावायला तयार आहे.

ढाल मात्र या सगळ्याला अपवाद. आपल्याकडची ढाल गेंड्याच्या किंवा म्हशीच्या कातड्याची, वरून लाखेसारखं काळं लेपण आणि चार धातूची फुलं. तिथे बघणाऱ्याला चामडं दिसतच नाही, लेप दिसतो. लेप मळत नाही आणि मऊ खरवडतही नाही, त्याचे टवके उडतात, धारदार कडांचे, बहुधा काठावर आणि फुलांच्या भोवती. म्हणून ढालीवर ठिपके नकोत, दोन-तीन कोनदार टवके, आतून गडद तपकिरी, आणि बाकी ढाल ग्लॉस.

इथवर थोडक्यात: खोगीर बहुधा कापडाचं, पट्ट्यांचे तपकिरी वेगवेगळे, उजेड ऑकरचा, खरवडलेल्या जागी टोचलेला बदामी, हाताळलेल्या जागी ऑइलचा अंबर, ढालीला टवके. यात शेवटचा हात राहिला, चकाकीचा, आणि माझ्या मते चामडं ठरतं ते त्यानेच.

ढाल सोडून सगळी आकृती आधी मॅट वार्निशने एकसारखी करा. ती वाईट दिसेल, घाबरू नका. मॅट झाल्यावर ऑइलचे गडद भागही सपाट वाटतात. मग बारीक ब्रशने सॅटिन, म्हणजे मध्यम चमकेचं, वार्निश, फक्त ‘म’ लिहिलेल्या जागी. मुठीतल्या लगामाला आणि रिकिबीच्या पट्ट्याच्या मध्यावर त्यावर ग्लॉसचा आणखी एक हात, अगदी टोकाने. ‘ख’च्या जागा मॅटच राहू द्या. आता आकृती दिव्याखाली फिरवून बघा. मुठीशी उजेड सरकतो, बाजूच्या खरवडलेल्या भागावर मरतो, पुन्हा पोटरीपाशी चमकतो. चामडं चामड्यासारखं दिसायला लागतं ते या क्षणी, आणि त्यात एकही नवा रंग लागलेला नसतो. लॅबमध्ये कॅपचं शेवटचं ग्लेझिंग झाल्यावर ती तोंडात गेली की मला जे वाटतं, अगदी तेच इथे वाटतं.

ताजी पॉलिश दाखवायला बुटाचं पॉलिश लावू का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. नको. मी हे एकदा केलंय. मेण नीट वाळलंच नाही, देखाव्यातली सगळी धूळ आणि मांजराचे केस त्याला चिकटले आणि नंतर त्यावर रंग धरेना. शेवटी ते जोडेच तोडून नवे घडवले.

आणि वार्निशबद्दल, कारण तुमची घाई गणपतीची आहे. स्प्रे मारू नका. काही वर्षांपूर्वी एका संग्राहकासाठी रंगवलेल्या तोफचीवर मी ऑगस्टमध्ये, पाऊस थांबलाय म्हणून, गच्चीत जाऊन मॅट स्प्रे मारला. दहा मिनिटांत त्याच्यावर दुधावर येते तशी पांढुरकी साय. दमट हवेत थिनर भर्रकन उडतो, पृष्ठभाग गार होतो, हवेतलं बाष्प तिथेच जमतं आणि थरात अडकतं. ग्लॉसचा एक हात दिल्यावर बरीचशी साय गेली, पण फेट्याच्या पिळांतली शेवटपर्यंत राहिली. आजही इंदूरला सकाळपासून झड लागलीय. तुमच्याकडे काही वेगळी हवा नसेल. पाण्यातलं वार्निश आणा आणि खोलीत बसून ब्रशने लावा. बाटली हलवा, मग आणखी हलवा, कारण मॅटपणा आणणारी पूड तळाशी बसते आणि न हलवता वरचं घेतलंत तर मॅट बाटलीतून ग्लॉस निघतो. थर पातळ, खोबणीत साचलेलं कोरड्या ब्रशने लगेच उचलायचं, दोन थरांत निदान चार तास.

स्वाराचा डावा हात अजून चिकटवला नसेल तर लगामाचा मुठीतला तुकडा हातासकट बाहेरच पूर्ण करा, ग्लॉसही तिथेच द्या. चिकटवून झाला असेल तर घोडा उलटा धरून पोटाच्या बाजूने ब्रश न्या, त्या बाजूने मुठीपर्यंत वाट मोकळी दिसतेय.